चाचांच्या दुकानातला फोटो

निजामसरकारचा हुकूम हैदराबादेपासून आमच्या उमरग्यापर्यंत सगळीकडं चालत असे, पण बाजारातल्या बांगड्यांच्या दुकानाच्या पायरीशी येऊन तो थांबे. तिथून आत फक्त चाचांचं राज्य. मुलांनो, परवा फोनवर मीरा तणतणत होती, की तिकडच्या कुठल्याशा दुकानात तिला फोटो काढू दिला नाही. "आजी, फोटो काढला तर त्यांचं काय जातं गं?" मला एकदम चाचा आठवले, आणि चाचा फोनवर सांगून संपणारे नव्हते. म्हणून हे सावकाश, क्रमानं लिहिते आहे.

चाचा आमच्या नात्यातले नव्हते. घरंदाज मुसलमान बांगडीवाले. गावातल्या हिंदू-मुसलमान साऱ्या बायका त्यांना चाचाच म्हणत. दाढीला मेंदी, डोक्याला गोल टोपी, आणि हात मात्र बाईमाणसासारखे मऊ. दुकानाला पुढं ओटा, मग जाड निळा पडदा, आणि पडद्याआड लांबट अंधारी खोली. तिथं पुरुषाला मनाई. बायकोबरोबर आलेले नवरे ओट्यावरच्या बाकावर बसत. एकदा शेरवानी घातलेले तहसीलदार बेगमसाहेबांना घेऊन आले, त्यांनाही तोच बाक मिळाला. शेजारी शेळी घेऊन बाजाराला आलेला एक शेतकरी. शेळीनं शेरवानीची कड चाखायला सुरुवात केली, तसे तहसीलदार ओरडले, "आणखी किती वेळ?" आतून चाचांचा शांत आवाज आला, "हुजूर, बांगडी हाय ही. हुकमानं चढत न्हाय."

दुसरी सवय म्हणजे ते बाईच्या चेहऱ्याकडं कधी बघत नसत. मान खाली, नजर मनगटावर. त्यामुळं गावातल्या साऱ्या बायका त्यांना हातांनी ठाऊक होत्या आणि तोंडानं एकही नाही. रस्त्यात माझी आई समोरून आली तरी ते अनोळखी माणसासारखे बाजूला होत, तीच आई पडद्याआड बसून हात पुढं करी, तेव्हा म्हणत, "वकीलसाबांच्या बाईसाब. उजवा अंगठा अजून दुखतोय वाटतं?" त्यांच्या स्वतःच्या बायकोनं एकदा भर बाजारात त्यांना हाक मारली, तर हे अदबीनं म्हणाले, "सलाम आपा, आपण कोण?" तिनं रागानं बुरख्यातून हात बाहेर काढला. "अगं, तू व्हय!" सगळा बाजार हसला. त्या दिवशी चाचांना घरी जेवण मिळालं की नाही, कोण जाणे.

हसवणं हा तर त्यांच्या धंद्याचाच भाग. ते म्हणत, "माणूस हसलं की हात मऊ पडतो. भ्यालं की हाताचं लाकूड होतं, अन् बांगडी पिचते." बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडली की नेमका त्या क्षणी ते मान वर न करता काहीतरी बोलत, बाई खुदकन हसे, आणि बांगडी मनगटावर गेलेली असे.

अशा माणसाचं कॅमेऱ्याशी जमणं शक्यच नव्हतं. कॅमेरा हा त्यांच्या लेखी पडद्याआड घुसू पाहणारा सगळ्यात लबाड पुरुष. बांगड्यांच्या कारखान्याचा एक विक्रेता कॅमेरा घेऊन आला. म्हणाला, "चाचा, दुकानाचा आतून फोटो छापू, तुमचं नाव होईल." चाचांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. पुढं त्यांना प्रत्येक पेटीचा संशय येऊ लागला. एका भजनी बुवांना हार्मोनियम उघडून, वाजवून दाखवावी लागली. सोलापूर रस्त्याची मोजणी करणारे लोक तीन पायांची दुर्बीण लावून उभे राहिले, तेव्हा चाचांनी घरातल्या झाडून साऱ्या गोधड्या आणून दुकानापुढं टांगल्या. मोजणी उरकेपर्यंत ते दुकान परटाच्या अंगणासारखं दिसत होतं.

माझ्या वडिलांकडं एक पेटीकॅमेरा होता. ते वकील, वाद घातल्याशिवाय त्यांना अन्न पचत नसे. ते म्हणाले, "चाचा, कॅमेऱ्यालाही डोळाच असतो."

"डोळा हाय हो वकीलसाब, पर लाज न्हाय. माणूस चुकून बघतो, मग नजर झुकवतो. हा बघतो अन् बघितलेलं जन्मभर दुसऱ्याला दाखवत फिरतो. इथं येणारी बाई माझ्या भरवशावर पदर सैल करून बसते."

वडील खटला हरले. विषय तिथंच संपला असता, पण ताईचं लग्न ठरलं.

मोठी लढाई नुकतीच संपली होती. ताईचा नवरा आफ्रिकेत रेल्वेत नोकरीला, सासूही तिथंच. लग्न झालं की बोटीनं जायचं, परत कधी यायचं ते कुणालाच सांगता येत नव्हतं. घरात ताईचे फोटो होते, पण एकाही फोटोत ती ताई नव्हती. कॅमेरा दिसला की ती दाढ दुखत असल्यासारखं तोंड मिटून घेई. सासरच्यांनी तर फोटो बघूनच "मुलगी गंभीर आहे" म्हणून पसंत केली होती. खरी ताई खळाळून हसायची. त्यातही चाचांकडं बांगड्या भरताना जशी हसे, तशी कुठंच नाही.

चुडा भरायच्या आदल्या दिवशी आई मला घेऊन चाचांकडं गेली. बांगड्या भरायच्या नव्हत्या, तरी सवयीनं तिनं हात पुढं केला. म्हणाली, "चाचा, माझी लेक समुद्रापल्याड चाललीय. तिचं हसू तुमच्या दुकानात राहतं. मला तेवढं घरी न्यायचंय."

चाचा तिच्या हाताकडं बघतच म्हणाले, "दुसरी बाई आत नसावी. वकीलसाब बाकावर बसतील. पेटी ह्या पोरीच्या हातात द्या. अन् माझं तोंड यायला नको."

वडिलांनी मला शिकवून ठेवलं. खोलीत अंधार, म्हणून कॅमेरा स्टुलावर ठेवून झडप थोडा वेळ उघडी धरायची, आणि तेवढा वेळ कुणी हलायचं नाही. लढाईमुळं फिल्म मिळत नव्हती; कॅमेऱ्यात एकच फोटो उरला होता.

दुसऱ्या दिवशी वडील मुकाट्यानं बाकावर बसले. आत मी झडप उघडली आणि म्हणाले, "ताई, हलू नकोस." ती ताबडतोब दाढ दुखल्यासारखं तोंड मिटून बसली. चाचांच्या हातात चुड्यातली शेवटची हिरवी बांगडी, नेमकी अंगठ्याच्या हाडाशी. ताईचा हात लाकूड झालेला. चुड्याची बांगडी पिचणं म्हणजे अपशकुन. चाचा मान खाली घालूनच पुटपुटले, "तिकडं सिंह असतात म्हणं बेटी. भिऊ नको. तुझी सासू हाय ना तिथं, सिंहच येणार न्हाय."

ताई हसली. मान मागं टाकून, मोकळ्या हातानं पोट धरून हसली. चाचांच्या पकडीतलं मनगट तेवढं जागचं हललं नाही. बांगडी सरकन चढली. ताईनं डोळे पुसून चाचांना वाकून नमस्कार केला, पण तोवर मी झडप मिटली होती.

फोटो सोलापुरातून धुऊन आला, तेव्हा ताई बोटीत होती. वडील म्हणाले, "गेला वाया." चाचांची टोपी, त्यांची बोटं, ताईचं मनगट, एकेक बांगडी लख्ख आली होती. आणि चेहऱ्याच्या जागी नुसता पांढरा, हललेला धूर.

आईनं फोटो हातात घेतला. तो उजेडाकडं धरून म्हणाली, "वाया कसा? हीच तर ती. हसताना ती कधी एका जागी राहिलीय?"

तिनं तो चाचांनाही दाखवला. त्यांनी मनगट पाहिलं, "व्हय, थोरलीच," म्हणाले, आणि फोटो पालथा करून परत दिला. "घरात ठेवा, बाईसाब."

आईनं तो देवघराच्या कोनाड्यात ठेवला. ताई परत आली ती आई गेल्यानंतर. चाचाही तोवर गेले होते, निळा पडदाही. फोटो आता माझ्याकडं आहे.

तुम्ही पाठवता ते सगळे फोटो मी रोज बघते. फार स्वच्छ येतात, सगळे नीट उभे, सगळे सारखे हसलेले. पण मीरा, एखादा हललेला निघाला तर तो पुसून टाकू नकोस. तो आजीला पाठव.