हिरव्या डब्यातली पावडर

नोकरीतली बरीचशी प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोण कुठल्या ठाण्यातलं, कुठला जबाब कुणाचा, सांगता येणार नाही. हे एक प्रकरण मात्र अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं राहतं, आणि त्या आठवड्याची धास्तीही त्याच्याबरोबर येते. यात मी कुणाचं नाव घेणार नाही. त्यातली सगळी माणसं हयात आहेत आणि त्यांतलं कुणीही गुन्हेगार म्हणावं असं नाही.

आधी माझ्याविषयी थोडं. आईवडील नाशिकचे, माझं लहानपण लंडनच्या पिनर या उपनगरात गेलं. घरात मराठी आणि बाहेर इंग्रजी, असं दोन्हींत वाढलो. पुढे पोलिसांत गेलो आणि डिटेक्टिव्ह सार्जंट म्हणून निवृत्त झालो. शेवटची काही वर्षं लंडनच्या पश्चिमेकडच्या एका ठाण्यात होतो. शस्त्रपरवान्यांची प्रकरणं बहुधा माझ्याच टेबलावर येत.

एका रविवारी आमच्या हद्दीतल्या रायफल क्लबमध्ये अपघात झाला. एक निवृत्त शिक्षक नेमबाजीचा सराव करत होते. त्यांनी चाप ओढला आणि रायफल त्यांच्या चेहऱ्याजवळच फुटली. धातूचे तुकडे उजव्या डोळ्यात गेले. रुग्णवाहिका त्यांना घेऊन गेली. आमच्या शिपायांनी फुटलेली रायफल आणि उरलेल्या काडतुसांची पेटी ताब्यात घेतली, हजर असलेल्यांचे जबाब लिहून घेतले. कागदोपत्री तो साधा अपघात होता.

ती काडतुसं दुकानातून आणलेली नव्हती, घरी भरलेली होती. नेमबाजांमध्ये ही पद्धत सर्रास आहे. वापरलेलं पितळी कवच पुन्हा घ्यायचं, त्यात मोजून पावडर, म्हणजे बंदुकीची दारू, भरायची आणि वर नवी गोळी बसवायची. दुकानातल्या काडतुसापेक्षा नेम अचूक लागतो, म्हणून माणसं त्यात तासन्‌तास घालवतात. सगळ्यात महत्त्वाची असते ती पावडरची निवड. आमच्या शस्त्रतज्ज्ञाने मला ते एका वाक्यात सांगितलं होतं. रायफलची पावडर सावकाश जळत गोळीला पुढे ढकलत नेते, शॉटगनची, म्हणजे छऱ्याच्या बंदुकीची, पावडर एकदम भडकते. पहिलीच्या जागी दुसरी भरली तर रायफलची नळी तो दाब सोसू शकत नाही. आणि नुसत्या नजरेने दोन्ही ओळखता येतीलच याची खात्री नसते.

सोमवारी ठाण्यात फोन आला. आवाज वयस्क माणसाचा होता.

"रविवारचा तो अपघात नव्हता."

"आपण कोण बोलताय?" मी विचारलं.

"क्लबमधलाच एक. ती काडतुसं त्या भारतीय इंजिनिअरने भरून दिली होती. त्याचं आणि मास्तरांचं टीमवरून भांडण झालं होतं. रायफलच्या काडतुसात शॉटगनची पावडर घातली की काय होतं, हे त्याला चांगलं ठाऊक आहे."

नाव विचारल्यावर फोन बंद झाला.

भांडणाची गोष्ट खरी निघाली. मास्तर क्लबचे कॅप्टन होते आणि त्यांनी इंजिनिअरला काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, टीममधून वगळलं होतं. चहाच्या वेळी चारचौघांत आवाज चढले होते. नंतर काही दिवसांनी इंजिनिअर स्वतः भरलेली काडतुसं घेऊन मास्तरांकडे गेले, झालं गेलं विसरू या म्हणाले. मास्तरांकडे परवाना होता, त्यामुळे देण्याघेण्यात बेकायदेशीर काही नव्हतं. पण आता फाईलमध्ये ते सगळं फार वाईट दिसत होतं.

मंगळवारी मी शस्त्रतज्ज्ञाला घेऊन जवळच्या ब्रॅकनेल गावी इंजिनिअरच्या घरी गेलो. दार त्यांच्या पत्नीने उघडलं. माझं आडनाव ऐकल्यावर म्हणाल्या, "अय्या, तुम्ही मराठी?" आणि लगेच त्यांच्या लक्षात आलं की या प्रसंगी यात आनंदाचं काही नाही.

इंजिनिअर मूळचे पुण्याचे, बऱ्याच वर्षांपूर्वी वर्क व्हिसावर आलेले. गॅरेजमध्ये त्यांचं काम करायचं टेबल होतं. इतकं नीटनेटकं टेबल मी क्वचितच पाहिलं असेल. तराजू, साचे, कवचं, सगळं जागच्या जागी. फळीवर पावडरीचे डबे होते. त्यातला एक हिरवा डबा त्यांनी स्वतःच पुढे केला.

"ही वापरली. माझी नेहमीची पावडर सहा महिने कुठल्याच दुकानात स्टॉकमध्ये नाहीये. मग ही घेतली."

"हा डबा तुम्ही सीलबंद विकत घेतला?"

"नाही. क्लबमधले एक जुने मेंबर लहान घरात शिफ्ट झाले. त्यांनी त्यांचं सामान वाटून टाकलं, त्यातला आहे. पण मी लेबल बघितलं, मॅन्युअलमध्ये चेक केलं, प्रत्येक काडतुसाची पावडर वजन करून भरली. अहो, माझी पद्धत चुकणं शक्य नाही. मास्तरांची रायफल किती जुनी होती ते बघा ना."

"दुसऱ्याने उघडलेल्या डब्यातली पावडर वापरू नये, असं त्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं," आमचा तज्ज्ञ शांतपणे म्हणाला.

मी विचारलं, "या पावडरीने भरलेली काडतुसं आणखी कुणाला दिलीत?"

त्यांनी पत्नीकडे पाहिलं. "नाही. उरलेली ही इथेच आहेत. मी स्वतः एकही उडवलेलं नाही, माझी रायफल रिपेअरला आहे."

पत्नीने हातातल्या नॅपकिनची घडी केली, उलगडली, पुन्हा घातली. भिंतीवर एका मुलीचा फोटो होता, विद्यापीठाचा टी-शर्ट आणि हातात नेमबाजीचं पदक. मुलगी एडिनबराला शिकते, असं त्या म्हणाल्या. मला ते "नाही" पटलं नव्हतं, पण त्यापुढे रेटण्यासारखं हातात काही नव्हतं. आम्ही डबे आणि काडतुसं ताब्यात घेऊन परतलो.

शुक्रवारी प्रयोगशाळेचा फोन आला. मास्तरांच्या उरलेल्या काडतुसांत शॉटगनची पावडर होती. हिरव्या डब्यातही तीच. लेबल रायफलच्या पावडरचं आणि आत दुसरंच. त्यापाठोपाठ आमचा तज्ज्ञ माझ्या टेबलाशी आला. त्याने गॅरेजमधल्या गोळ्यांच्या पाकिटांचा हिशेब लावला होता.

"जितकी भरली त्यातली पेटीभर काडतुसं कुठेच नाहीत," तो म्हणाला. "ती कुणाकडे तरी आहेत."

तोवर मी हेतू शोधत होतो. त्या वाक्यानंतर हेतूचं काही वाटेनासं झालं. कुठेतरी, कुणीतरी ती रायफलमध्ये घालणार होतं आणि गाल लावून चाप ओढणार होतं.

मी इंजिनिअरना लगेच फोन केला. सरळ सांगितलं की ती काडतुसं जीवघेणी आहेत, कुणाकडे असतील तर आत्ता सांगा. त्यांचा आवाज ताठ होता. "कुणाकडेही नाहीत. मी उद्या सकाळी वकिलाबरोबर स्टेशनला येतोय, तेव्हाच बोलेन." क्लबमध्ये एव्हाना कुजबुज सुरू झाली होती. मी त्यांना अडकवायला बसलोय असं त्यांना वाटत होतं. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शनिवारी सकाळी मुलाखतीच्या खोलीत आम्ही चौघे होतो. मी, माझी सहकारी, इंजिनिअर आणि त्यांचे वकील. रेकॉर्डिंग चालू केलं, नियमाप्रमाणे हक्क वाचून दाखवले. मी फुटलेल्या रायफलचे फोटो समोर ठेवले.

"जुनी रायफल," ते पुन्हा म्हणाले.

मग मी प्रयोगशाळेचा निष्कर्ष वाचून दाखवला. त्यांनी तो कागद माझ्याकडून मागून घेतला आणि दोनदा वाचला. त्यांचा चेहरा उतरत गेला. बराच वेळ फोटोतल्या उकललेल्या नळीवर त्यांची नजर होती. वकिलांनी थोडा वेळ मागितला. मी म्हणालो, वेळ देईन, पण आधी एक प्रश्न. तो मी मराठीत विचारला. रेकॉर्डिंगवर आहे, भाषांतर होईल, हे इंग्रजीत सांगूनच विचारला.

"तुमची मुलगी आज कुठे आहे?"

त्यांनी हातातला कागद टेबलावर ठेवला. मग म्हणाले, "रेंजवर. मॅच आहे तिची आज. तिच्याकडे आहेत हो. मागच्या आठवड्यात घरी आली होती, जाताना घेऊन गेली. युनिव्हर्सिटीच्या रायफलने खेळते, तिच्या नावावर परवाना नाही. तिच्यावर केस होईल म्हणून मी..." ते उठले आणि खिसे चाचपू लागले. फोन त्यांनी नियमाप्रमाणे बाहेर काउंटरवर जमा केला होता.

मी रेकॉर्डिंगसाठी त्यांचं बोलणं घाईघाईने इंग्रजीत सांगितलं आणि मुलाखत थांबवली.

काउंटरवरून फोन घेऊन त्यांनी मुलीला लावला. तो वाजत राहिला. मॅचच्या वेळी फोन लॉकरमध्ये ठेवावे लागतात, ते म्हणाले. तिथल्या क्लबच्या ऑफिसचा नंबर लागेना. माझ्या सहकारीने स्कॉटलंडच्या पोलिसांच्या कंट्रोल रूमला गाठलं. त्यांनी रेंजकडे गाडी पाठवली. रेंज शहराबाहेर होती, समुद्राच्या बाजूला, आणि पोचायला किती वेळ लागेल ते कुणी सांगेना.

मग आम्ही थांबलो. नोकरीत मी पुष्कळ वाट पाहिली आहे, पण तेव्हा करण्यासारखं काहीतरी असायचं. इथे काहीच नव्हतं. इंजिनिअर कॉरिडॉरमध्ये भिंतीला टेकून उभे होते आणि तोच नंबर पुन्हा पुन्हा लावत होते. रिसेप्शनमध्ये बसलेल्या त्यांच्या पत्नीला मी आत आणलं. काय झालं ते ऐकून त्या नवऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मंगळवारीच म्हटलं होतं तुम्हाला, सांगून टाका," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "म्हटलं होतं की नाही?"

त्यांनी मान खाली घालून पुन्हा तोच नंबर लावला.

शेवटी सहकारीने दारातून मला खूण केली. रेंजवर पोचलेला शिपाई लाईनवर होता. सकाळपासून समुद्राकडून दाट धुकं आलेलं, लक्ष्यं दिसत नाहीत, म्हणून सामने सुरूच झाले नव्हते. सगळे नेमबाज शेडमध्ये चहा पीत बसले होते. काडतुसांची पेटी मुलीच्या मगशेजारी उघडून ठेवलेली होती. पहिल्याच फेरीत तिचं नाव होतं.

मी दोघांना सांगितलं. इंजिनिअर तिथेच जमिनीवर बसले. पत्नीने त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, पण तोंड फिरवलेलंच होतं.

मुलीची काळजी मिटल्यावर माझं डोकं पुन्हा कामाला लागलं. जो बाप खराब काडतुसं स्वतःच्या मुलीला देतो, त्याला ती खराब आहेत हे माहीत नसणार. मग सोमवारच्या फोनवरचा तो माणूस? प्रयोगशाळेलाही शुक्रवारपर्यंत ठाऊक नव्हतं, ते त्याने सोमवारी सांगितलं होतं. शॉटगनची पावडर.

डबा कुणाकडून आला होता ते इंजिनिअरनी मंगळवारीच सांगितलं होतं. दुपारी मी त्या जुन्या मेंबरच्या घरी गेलो. अर्धवट उघडलेल्या खोक्यांनी भरलेला छोटा फ्लॅट होता. त्यांनी मला पाहून दार पूर्ण उघडलं आणि बाजूला झाले.

"मला वाटलं होतं तुम्ही लवकर याल," ते म्हणाले.

आवाज तोच होता. चार प्रश्नसुद्धा विचारावे लागले नाहीत. काही वर्षांपूर्वी त्यांच्या शॉटगनच्या पावडरचं पुठ्ठ्याचं पिंप ओलं झालं. हाताशी रिकामा हिरवा डबा होता, त्यात ती ओतली. लेबल उद्या बदलू म्हणाले. त्याच सुमारास पत्नी आजारी पडली, पुढे ती गेली, आणि डबा फळीवर तसाच राहिला. घर सोडताना सगळ्याबरोबर तोही देऊन टाकला. रविवारी ते मास्तरांच्या मागेच उभे होते. रायफल फुटली आणि त्यांना तो ओतलेला डबा आठवला.

"फोन केला तेव्हा खरं सांगायचं म्हणूनच केला होता," ते म्हणाले. "तुम्ही हॅलो म्हणालात आणि माझ्या तोंडून दुसरंच निघालं."

दोघांचे परवाने रद्द झाले. इंजिनिअरना बिनपरवाना व्यक्तीला काडतुसं दिल्याबद्दल औपचारिक ताकीद मिळाली, वृद्ध गृहस्थांना पोलिसांची दिशाभूल केल्याबद्दल. मास्तरांचा डोळा वाचला नाही. जबाब घ्यायला गेलो तेव्हा त्यांनी मला एकच विचारलं, त्याने मुद्दाम केलं का? नाही म्हटल्यावर ते उशीला टेकले. "मग त्याला सांगा, मला भेटायला ये. मीही लेबलच वाचलं असतं."

काही आठवड्यांनी मुलगी जबाब द्यायला आली. सही करून झाल्यावर तिने पेन खाली ठेवला आणि तिच्या मराठीत विचारलं, "बाबा खोटं बोलला, कारण मी ट्रबलमध्ये येईल असं त्याला वाटला?"

"हो," मी म्हणालो.

"मग मी त्याच्यावर रागवू, का नको? मला really कळत नाही."

मलाही कळलं नाही, आणि मी तसं तिला सांगितलं.

या प्रकरणात दोन सरळ माणसं खोटं बोलली, कारण दोघांनाही आमची भीती वाटली. एकाला आपल्या मुलीवर केस होईल याची, दुसऱ्याला आपल्या हातून काय झालं हे लोकांना कळेल याची. ज्या एका वाक्यावर एका मुलीचा जीव अवलंबून होता, ते दोघांनीही आमच्यापासून लपवलं. गुन्हेगाराला बोलतं कसं करायचं ते मला शिकवलं गेलं होतं. घाबरलेल्या भल्या माणसाला कसं करायचं, ते कुणी शिकवलं नव्हतं.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी पहिला प्रश्न बदलला. काय झालं, कुणी केलं, हे नंतर. आधी एवढंच विचारायचो की अजून कुणाला इजा होऊ शकते का, आणि याचं उत्तर दिल्याने तुमचं काय बिघडेल ते आपण मागाहून बघू. बहुतेक लोक त्या प्रश्नाचं खरं उत्तर देतात.