वाकड्या डोळ्याचा नंदी

वणीहून पांढरकवड्याची एसटी सुटली तेव्हा मावसबहिणीनं बांधून दिलेल्या पुरणपोळ्यांचं तूप पिशवीतून ओघळायला लागलं होतं. आदल्या दिवशी पोळा झाला होता. आज तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा पोळा. विदर्भात या दिवशी मुलं चाकं लावलेला लाकडी नंदी दोरीनं ओढत घरोघर जातात आणि बोजारा (नंदी दारी आला की मुलांच्या हातावर ठेवतात ती खुशी) गोळा करतात. पांढरकवड्यातल्या एका इतिहास मंडळानं यंदा जुन्या लाकडी नंदींचं प्रदर्शन भरवलं होतं. निमंत्रण बहिणीच्या फोनवर आलं, तिनं ते मला पाठवलं, आणि पुण्याला परतायचं सोडून मी या गाडीत बसले.

निमंत्रणात वरचा सगळा भाग पाहुण्यांच्या हसऱ्या चेहऱ्यांनी भरला होता. ज्यांच्यासाठी एवढा घाट घातला ते नंदी खाली कोपऱ्यात, नखाएवढे. मी मनातल्या मनात चिडत तेच पाहत होते, तेवढ्यात मारेगावला एक बाई चढल्या आणि शेजारी बसल्या. सत्तरीच्या असाव्यात. नेसण ठेवणीतलं, हातात रिकामी कापडी पिशवी. त्यांनी माझ्या फोनवर सरळ बोट ठेवलं.

"हा पाहा, हा माहा नंदी."

या गिरिजाबाई. त्यांचे यजमान सुतार होते. लग्नानंतरच्या पहिल्या पोळ्याला त्यांनी सागवानाचा हा नंदी घडवला, आणि पुढे दर वर्षी तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी तो नव्यानं रंगवला. अंग, शिंगं, झूल, आणि सगळ्यात शेवटी डोळे.

"शेवटच्या साली त्याईले लकवा झालता. उजवा हात उठेच ना. तरी म्हने, रंग मीच देतो. डाव्या हातानं डोळे काढले. एक डोळा येवढा मोठा अन् एक पार गालावर उतरला. पोट्टे हासले, आम्ही बी हासलो, ते बी हासले." गिरिजाबाई आताही हसत होत्या. "दिवाळीच्या आंधी गेले. मंग मी त्या नंदीले कोनाले रंग लावूच देला नाई. नात दर साली मांगते. तिले बाजारातला घेऊन देतो."

मी बोटांनी चित्र मोठं केलं. नंदीचे नुसते चौकोन चौकोन झाले.

"राहू द्या. तिथं पाहाल तं समजन," त्या म्हणाल्या.

मंडळाला तो नंदी कायमचा हवा होता. आज तो तिथं कसा ठेवलाय ते पाहायचं आणि मग ठरवायचं, म्हणून त्या एकट्याच निघाल्या होत्या. रिकामी पिशवी त्याचसाठी होती.

रस्ता खड्ड्यांचा, पण दोन्ही बाजूंना डोळे निवतील असं हिरवं. कपाशी कमरेला लागली होती, सोयाबीनला शेंगा धरल्या होत्या. करंजीला गाडी थांबली तेव्हा आम्ही दोघींनी तर्री (वरचा लाल झणझणीत रस्सा) घातलेले पोहे खाल्ले. मी ती तर्री स्वतःच्या ओढणीवर सांडली. गिरिजाबाईंनी लगेच पदराचं टोक पाण्यात भिजवून डाग चोळायला घेतला. तो गेला नाही, पण घासाघासीत आमची ओळख पक्की झाली.

प्रदर्शन एका शाळेच्या सभागृहात होतं. बाहेर लाऊडस्पीकर, आत रांगोळी आणि पांढऱ्या चादरी घातलेल्या बाकांवर नंदीच नंदी. पितळी शिंगांचे, घुंगरांचे, मुठीत मावणारे, आणि एक तर चांगला वासराएवढा. प्रत्येकासमोर गावाचं आणि घराचं नाव लिहिलेलं. मंडळानं मेहनत घेतली होती, यात शंका नाही.

गिरिजाबाई एका टोकापासून पाहत निघाल्या. टोक गाठलं, परत आल्या, पुन्हा गेल्या. मग घाबऱ्याघुबऱ्या मला म्हणाल्या, "माहा नाई ठेवला वाटते."

तो होता. मधल्या बाकावर, त्यांच्या यजमानांच्या नावाच्या पाटीमागे. त्या दोनदा त्याच्यासमोरून गेल्या होत्या. पांढरंशुभ्र अंग, सोनेरी शिंगं, झुलीवर बारीक वेलबुट्टी. आणि काळेभोर, पाणीदार, दोन्ही अगदी सारखे डोळे.



तेवढ्यात मंडळाचे सचिव वानखडे सर लगबगीनं आले. निवृत्त शिक्षक, घामाघूम, चेहऱ्यावर यजमानाचा आनंद. "काकू, पाहा कसा चमकून राह्यला! पार उडाला होता जी रंग. म्हटलं, घरी रंगवनारं कोनी राह्यलं नसन. तान्ह्या पोळ्याले बिनरंगाचा नंदी कसा मांडावा? आम्ही पॉलिश पेपरनं घासून काढला, अन् डोळे ड्रॉइंगच्या मॅडमकून काढून घेतले."

या मुलखात दुसरं कुणाला सुचणार तरी काय? तान्ह्या पोळ्याला जुन्या रंगातला नंदी बाहेर काढणं म्हणजे त्याची आणि घराची हेळसांड. देताना गिरिजाबाई एवढंच म्हणाल्या होत्या की नीट ठेवजा. त्यांनी नीट ठेवला होता.

मी तोंड उघडलं. गिरिजाबाईंनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली.

"छान केला जी सर," त्या म्हणाल्या.

पुढं भाषणं झाली. इतिहास जपला पाहिजे, असं प्रत्येक वक्त्यानं सांगितलं. गिरिजाबाईंना मंचावर बोलावून साडी-नारळ दिला. फोटोत कसं उभं राहायचं ते त्यांना तिघांनी समजावलं. संपल्यावर त्यांनी सरांकडून नंदी मागून घेतला. सरांचा चेहरा उतरला, पण त्यांनी तो स्वतः कागदात गुंडाळून दिला.

परतीच्या गाडीत नंदी गिरिजाबाईंच्या मांडीवर होता. रंग अजून पुरता वाळला नव्हता. कागद शिंगांना चिकटला होता. त्या बराच वेळ नंदीच्या गालावरून अंगठा फिरवत होत्या, जिथं तो डोळा उतरला होता तिथं.

"सरांना सांगायला हवं होतं," मी म्हटलं.

"कायले? हौसेनं केलं त्याईनं. सांगून का तो डोळा येते?" मग खिडकीबाहेर पाहत म्हणाल्या, "आता नातीले देऊन टाकतो. लय दिवसाची मांगून राह्यली. आता कोनंबी रंगवला तं का होते?"

मारेगावला त्या उतरल्या. मी हात केला, पण दोन्ही हातांत नंदी असल्यामुळे त्यांना करता आला नाही.

पुण्याला येऊन आठ-दहा दिवस झाले असतील. बहिणीनं मंडळाचा नवा निरोप पुढं पाठवला. पुढल्या वर्षी जुन्या पाळण्यांचं प्रदर्शन. घरातले पाळणे आणून द्या, घासून, रंगवून नव्यासारखे करून देऊ, खर्च मंडळाचा. खाली वानखडे सरांचा नंबर होता.

दिवसभर मी तो निरोप उघडत आणि मिटत राहिले. मनगटावरची ती पकड आठवत होती. कुणाकुणाच्या घरातले पाळणे असतील, हेही डोळ्यांसमोरून जात नव्हतं. संध्याकाळी फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"काकू तं काहीच बोलल्या नाई," सर म्हणाले.

"नाही बोलल्या."

"मले वाटलं, कोन्या लेकरानं रेघोट्या मारून खराब केला. घासायले घेतला नं बाई, तं त्या डोळ्यापासूनच सुरुवात केलती मी."

मी फोन कानाला धरून राहिले. सरांनीही फोन ठेवला नाही. त्यांच्याकडून गल्लीतल्या पोरांचा आवाज ऐकू येत होता.