लिंबाने साल धरली

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे दारातल्या कडुलिंबाला पाणी घालणं. फाल्गुन संपत आला होता. ती घमेल्याने पालापाचोळा आणून झाडाखाली पसरत होती, मी हंडे ओतत होतो. मी बुंध्याशीच ओतायला लागलो तशी म्हणाली, "अवं, पाय धुताय का त्येचं? मुळ्या लांब गेल्यात. फांद्यांच्या शेंड्याखाली वता." मी सरकलो. मग भाकरी खाल्ली, झोपलो. सकाळी ती उठली नाही.

या लिंबावर गेल्या वैशाखात वीज पडली होती. शेंड्यापासून बुडापर्यंत वीतभर रुंद साल सोलून निघाली, आतलं लाकूड हाडासारखं पांढरं दिसायला लागलं. गल्लीतले म्हणाले, वीज पडलेलं झाड दारात ठेवू नये. मुलगा म्हणाला, पत्र्यावर पडेल, तोडू. त्याचंही चूक नव्हतं. पण ते रोप तिनं डब्यातून आणून लावलेलं. ती म्हणाली, "एक चैत्र बघू द्या. पाडव्याला झाड जितं न्हाई दिसलं तर मीच कुऱ्हाड आनून देते."

मी भिंगारच्या लष्करी कॅम्पात तीस वर्षं माळीकाम केलं. तिथं उभं दिसेल त्याला रंग द्यायचा. झाडाला गेरू-चुना, दगडाला चुना, तोडलेल्या फांदीला डांबर. शिक्षण दुसरी, पण मिजास कॅम्पाची. मी ती सगळी जखम डांबराने बुजवली आणि वरून गोणपाट आवळलं. आठ दिवसांनी तिनं गोणपाटाला नाक लावलं. आत पाणी साचून कुजायला लागलं होतं.

"भाजलेल्या मानसाला डांबर फासता का तुमी?"

ती स्टुलावर उभी राहून दोन दिवस खुरप्याने डांबर खरवडत होती. सुटलेली साल तेवढी कापली, चिकटून होती तिला हात लावला नाही. वर जिथं तिचा हात पोचला नाही तिथं डांबर तसंच राहिलं. शिडी मी दिली असती तर पोचला असता. मी रागात होतो, दिली नाही.

मी खत आणलं तर ते कोपऱ्यात ठेवायला लावलं. "आजाऱ्याला पुरनपोळी नगं. पानी पाजा." वाळक्या फांद्या छाटायला निघालो तर म्हणाली, "मेल्यात का न्हाई ते त्येलाच ठरवू द्या." पत्र्यावर लोंबणारी एक तेवढी मुलाने उतरवली. पाऊस उघडल्यापासून ती दर चार दिवसांनी पाणी घालायची. ती शाळेत गेली नाही, जन्मभर रोजाने खुरपायला गेली. मी तिला माझ्या हाताखालची समजत होतो. झाड तिला कळत होतं, मला नुसतं रंगवता येत होतं. हे मी तिला कधी बोलून दाखवलं नाही.

फाल्गुनात लिंबाची उरलेली पानंही झडली. लिंबाची झडतातच. पण मुलगा एकदा वर बघायचा, एकदा पत्र्याकडे. पाडवा चार दिवसांवर आला होता.

ती उठली नाही त्या सकाळी लोक जमले. बाहेर ताडपत्री बांधायचं चाललं होतं. मी तिच्याशेजारी बसून होतो. लिंबावर खिळ्याचा ठोका ऐकला आणि उठलो. शेजाऱ्याच्या हातातली हातोडी काढून घेतली.

"खिळा मारायचा न्हाई."

मुलगा म्हणाला, "आप्पा, आज तरी…"

"आज तर न्हाईच. दोरी आन."

दोरी मीच बुंध्याला गुंडाळली. गुंडाळताना हात जखमेच्या कडेला लागला. तिनं खरवडलं होतं तिथं दोन्ही बाजूंनी नवी साल वळून आली होती, करंगळीएवढी जाड, ओठासारखी. नखाने टोकरलं तर आत हिरवी. वर बघितलं. डांबराच्या कडेला काही नव्हतं.

मुलाचा हात धरून तिथं ठेवला. त्यानं हात तिथंच ठेवला. मग म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मग, आप्पा. न्हाई तोडत."

आत बाया तिच्या आंघोळीचं पाणी घेऊन आल्या होत्या. त्यांना म्हणालो, जरा थांबा. तिच्या उशाशी बसलो आणि तिला सांगितलं, "लिंबानं साल धरली गं. तुझा हात लागला तिथंच. माझ्या डांबराकडं न्हाई."