श्वासाच्या पाळ्या

एकोणीसशे ऐंशीच्या सुमारास मी कतारला, दोह्यात वेल्डर होतो. एका आजारात पायांपासून छातीपर्यंत सगळं लुळं पडलं. डॉक्टरांनी गळ्याला भोक पाडून मला श्वासाच्या मशीनला जोडलं, आणि चौथ्या दिवशी ते मशीनच बिघडलं! दुरुस्ती होईपर्यंत रबरी फुगा हाताने दाबून हवा द्यायची होती. नर्स किती वेळ दाबणार? मग माझ्याबरोबर खोलीवर राहणाऱ्या सहा जणांनी, स्वयंपाकाच्या लावायचे तशाच, फुग्याच्या पाळ्या लावल्या.

डॉक्टर त्यांना म्हणाले, "डेन्मार्कमध्ये पोलिओची साथ आली, तेव्हा विद्यार्थ्यांनी असेच फुगे दाबून माणसं जगवली. ही मशीनं, हे अतिदक्षता विभाग त्यातूनच पुढे आले."

मी शुद्धीत होतो. डोळे मिटूनही कोण दाबतंय ते कळायचं. सगळ्यात एकसारखा हात त्या सहांतल्या ड्रायव्हरचा. माझ्या घोरण्यावरून भांडून त्याच माणसाने वर्षभर अबोला धरला होता.

बरा होऊन खोलीवर आलो. दुपारी डोळा लागला. उठलो, तर ड्रायव्हर शेजारी बसलेला.

"घोरलो का रे?" मी ओशाळून विचारलं.

"घोर लेका," तो म्हणाला. "थांबलास की माझी मूठ आपोआप मिटते."