राखणदार दिसला नाही

बाटल्या धुण्याच्या नोकरीतही किस्से साठतात, हे मला रिटायर झाल्यावर कळलं. साठले ते साठले, बहुतेकांत मूर्ख मीच निघालो!

बीड जिल्ह्यातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी शिपाई. शाळा चौथीपर्यंत. बाजारात रोज नवं काही येत होतं, चौकात एसटीडी बूथ आला होता. आमच्याकडं मॅडम आल्या. कॅन्सरच्या गाठींवर संशोधन करायला.

पहिल्याच आठवड्यात त्या सूक्ष्मदर्शकातून मान वर करून म्हणाल्या, "पी फिफ्टी थ्री कुठंच दिसत नाही."

मी तडक वॉर्डात गेलो. सिस्टरला दरडावलं, "त्रेपन्न नंबरचा पेशंट कुठं सोडला?"

"मामा, आपल्याकडं खाटाच चाळीस हायत!"

*

मग मॅडमनी समजावलं. पी फिफ्टी थ्री हे पेशीतलं प्रोटीन. राखणदारच. बिघडलेल्या पेशीला तो वाढू देत नाही, वेळ पडली तर मारतो. पण पेशी धड असली की त्यालाच चिठ्ठ्या चिकटवून मोडीत काढतात. घडवायचा की लगेच मोडायचा. बिघाड झाला की मोडणं थांबतं आणि राखणदार जमतात.

"पण मोडायचा कावून? बसू द्या की."

"रिकामा बसला तर चांगल्या पेशीही मारील, मामा."

मी स्टुलावर रिकामाच बसलो होतो. उठलो, बाटल्या धुवायला घेतल्या.

*

राखणदाराला रंग चढवणारं नवं औषध घाटनांदूर स्टेशनवर आलं, बर्फाच्या डब्यात. मी ते एसटीत मांडीवर घेऊन बसलो. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "कुल्फी हाय का?"

"न्हाई. राखणदार कुठं हाय ते दाखवणारं औषध हाय."

"मंग आमच्या जागल्याला लाव थोडं. दोन शेळ्या गेल्या, अन् त्यो कुठं झोपतो कुणालाच ठाव न्हाई!"

सगळी एसटी हसली. मी ताठ बसलो. मांडी गारठली होती.

*

त्याच साली माझ्या मानेला गाठ आली. सर्जननी तुकडा काढला. मॅडमनी त्याचा पातळ काप काचेवर घेऊन रंगवला. "निकाल मी सांगीन, तुम्ही काचेला हात लावायचा नाही," मॅडमनी बजावलं.

त्या जेवायला गेल्या आणि मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. औषध लावलं की राखणदार तपकिरी दिसतो, एवढं मला ठाऊक होतं. सगळी काच निळी. एकही तपकिरी ठिपका नाही! राखणदारच नाही, म्हणजे मी गेलो.

अर्धी रजा टाकून दिंद्रुडची एसटी धरली. तिथं माझा थोरला भाऊ, नाना. त्याच्या मुलीच्या लग्नात आहेराच्या वेळी माइकवर माझं नाव पुकारायचं राहिलं होतं. टॉवेल-टोपी मिळाली नाही. तेवढ्यावरून सात वर्षं मी त्याच्याशी बोललो नव्हतो.

दारातच म्हणालो, "नाना, मला गाठ झालीय. लग्नाच्या टायमाला माझंच चुकलं."

पाया पडलो आणि आल्या पावली परतलो.

*

दुसऱ्या दिवशी मॅडमनी रिपोर्ट दिला. साधी सूज!

"मग राखणदार दिसंना कावून?"

आधी त्या रागावल्या, मग हसल्या. "मामा, धड पेशीत तो घडतो आणि मोडतो, म्हणून रंगाला सापडत नाही. तपकिरी ढीग दिसतो तो बहुतेक वेळा बिघडलेल्या राखणदारांचा. ते काम करत नाहीत आणि मोडलेही जात नाहीत. नुसते साठून राहतात."

"आपल्या ऑफिसावानी?"

"हळू बोला!"

*

चार दिवसांनी नाना प्रयोगशाळेच्या दारात उभा. खांद्याला कपड्यांची पिशवी, हातात भाकरीचं गाठोडं.

"चल, तुला मुंबईला नेतो. मोठ्या डॉक्टरला दावू."

मी खाली बघून सांगितलं, "साधी सूज निघाली, नाना."

नानानं पिशवी खाली ठेवली. डोळे पुसले. मग मला रोखून बघत म्हणाला, "बरं झालं. मंग बे, चुकलं म्हणालतास, ते परत घेतोस का?"

मी म्हणालो, "मॅडमना विचारून सांगतो!"