आखूड पाना

माझी धाकटी बहीण गाडीवर पाण्याचा फवारा मारायला लागली की माझ्या पोटात दुखतं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे उगाच सभ्यपणाचा आव आणायला नको.

इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारतात ना, तसली साधी बाटली असते तिची. गाडी चालू ठेवायची, कार्बोरेटरच्या प्रत्येक सांध्यावर फुसफुस पाणी मारायचं आणि आवाज ऐकायचा. जिथून इंजिन चोरून हवा ओढत असेल तिथं पाणी पडलं की फट घटकाभर बुजते आणि आवाज बदलतो. बस, एवढंच. यात डोकं लावण्यासारखं काय आहे? पण गिऱ्हाइकं अशी श्वास रोखून उभी राहतात, की जणू ही गाडीची नाडीच बघतेय. मी बावीस वर्षं इंजिनं उघडतोय. माझ्याभोवती कुणी उभं राहत नाही. उलट मलाच विचारतात, "ताई कुठे गेल्या?"

आमच्या गॅरेजच्या पाटीवर बाबांचं नाव आहे आणि त्याखाली लिहिलंय, 'आणि चिरंजीव'. मी दहा वर्षांचा असताना बाबांनी ते लिहवून घेतलं. चिरंजीव म्हणजे मी. यंदा पाटीचा रंग पार उडाला, म्हणून ती खरवडून नव्यानं रंगवायची ठरली. बाबांचे गुडघे गेलेत, पुढच्या महिन्यापासून ते दुकानात येणार नाहीत. पेंटर आला तेव्हा बाबा स्टुलावर बसून चहा पीत होते. "शुक्रवारी ये," ते म्हणाले, "सांगतो काय ते." सांगतो? यात सांगण्यासारखं काय होतं? चिरंजीवाच्या जागी बहिणीचं नाव तर नाही ना येणार?

बहीण मुळात गॅरेजची नव्हतीच. शाळा सुटली की दप्तर मांडीवर घेऊन दारातल्या पायरीवर बसायची आणि टकामका बघत राहायची. मला पंधराव्या वर्षी स्वतःची हत्यारं मिळाली तेव्हा मी प्रत्येकावर कानशीनं तीन खाचा पाडल्या, हिनं हात लावला तर कळावं म्हणून. बाबा माझा हात हातात धरून बोल्ट आवळायला लावायचे. "आणखी आवळ. आणखी. ढिला बोल्ट म्हणजे मेकॅनिकची लाज." पुढे ती टायपिंग शिकली, एका शिंप्याशी लग्न झालं. म्हटलं, सुटलो. मग बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि ती दोन महिने मदतीला म्हणून आली. त्याला आता बारा वर्षं झाली. नवऱ्यानं तिच्या कामाच्या कोटाला आतून इवले इवले खिसे शिवून दिलेत, कार्बोरेटरचे बारीक पितळी जेट ठेवायला. माझ्या बायकोनं मला आजवर एक खिसा शिवून दिलेला नाही, हेही मला खुपतं.

पण सगळ्यात जास्त खुपतो तो तिचा पाना. दहा नंबरचा, दांडा जेमतेम बोटभर, त्यावर सायकलच्या ट्यूबचं रबर गच्च गुंडाळलेलं. असा आखूड पाना बाजारात मिळत नाही. बाबांनीच कापून, घासून दिला असणार लाडक्या लेकीला. मला त्यांनी स्वतःच्या हातानं कधी काही करून दिलं नाही. विचारायची मात्र हिंमत झाली नाही. नको ते उत्तर आलं असतं तर काय घ्या!

त्या सोमवारी एक नर्सबाई आल्या. घरोघरी पेशंट बघायला जाण्यासाठी त्यांनी जुनी मोटारसायकल घेतली होती. थंड असताना गाडी अगदी गरीब. तापली की रेस आपोआप चढायची आणि ॲक्सिलरेटर सोडला तरी उतरायची नाही. बहीण पार्ट आणायला बाजारात गेली होती. मी गाडी ताब्यात घेतली. ही मी करणार, आणि बाबांच्या डोळ्यांदेखत करणार.

कार्बोरेटर साफ केला, रबरी पाइप नवा टाकला. रेस चढायची ती चढतच होती. कुठून तरी हवा घेतेय, हे मलाही कळत होतं. फवाऱ्याची बाटली समोर खिळ्याला लटकत होती. पण तिला हात लावायचा? तिची युक्ती मी वापरायची? त्यापेक्षा बोल्ट आवळले. कार्बोरेटरला दोन कान असतात, त्यांतून बोल्ट घालून तो इंजिनावर बसवतात. आवळल्यावर रेस जरा उतरली. आणखी आवळले. मग पान्याच्या दांड्यावर लोखंडी पाइप चढवला आणि अंगातला सगळा जोर लावला.

"झाली!" मी बाबांना ऐकू जाईल असं ओरडलो. बाबांनी मान डोलावली. त्या एका मानेवर मी तीन दिवस तरंगत होतो.

गुरुवारी नर्सबाई परत आल्या, गुडघ्याला पट्टी बांधून. "वळणावर ॲक्सिलरेटर सोडला, तरी गाडी पुढेच," त्या मला म्हणाल्या. "फाटकावर जाऊन आदळले. ताई आहेत का?"

ताई होत्या. ताईंनी गाडी तापवली, बाटली घेतली. कार्बोरेटर आणि इंजिनाच्या सांध्यावर पाणी पडलं आणि चढलेली रेस झपकन खाली आली. तिनं आखूड पाना बोल्टला लावला. बोल्ट हलेना. दुसराही हलेना. तिनं वळून माझ्याकडे पाहिलं.

"दादा, तुझा लांब पाना दे जरा."

मी दिला. कार्बोरेटर काढून तिनं तो आरशाच्या तुकड्यावर उभा धरला. दोन्ही कान वाकून काचेला टेकले होते आणि मधून उजेड दिसत होता. पोस्टकार्ड सरकलं असतं एवढी फट.

"काय निघालं गं?" बाबांनी स्टुलावरून विचारलं.

उद्या शुक्रवार होता.

"कान वाकलेत, बाबा," ती म्हणाली. "आधीच्या मालकानं कुठेतरी वाजवीपेक्षा जास्त आवळून घेतलंय. जुनी गाडी, चालायचंच."

काचेवर पॉलिश पेपर ठेवून तिनं ती बाजू घासून सपाट केली. नवी रबरी रिंग घातली आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीनं, अर्धा अर्धा फेरा देत बसवले. नर्सबाई हसत गेल्या.

मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट अंगाचा तिळपापड झाला. मनाच्या मोठेपणातही हिनंच पुढे राहायचं? मागच्या नळावर ती हात धूत होती तिथं मी तिला गाठलं.

"खरं का नाही सांगितलंस? पाटीवरून मी उतरलो असतो की आयता."

"नसतास उतरला. बाबा म्हणाले असते, पोराच्या हातात जोरच तेवढा."

"मला नको शिकवू. लाडकी तू. पाना तुला करून दिला त्यांनी. मला काय दिलं?"

तिनं नळ बंद केला. मग खिशातून पाना काढून तिनं नखांनी ते रबर सोडवलं. दांड्यावर तीन खाचा होत्या.

"पाइप चढवून मोडलास तू. आठवत नाही? बाबा आठवडाभर येईल त्याला कौतुकानं सांगत होते. तू भंगारात फेकलास, मी उचलला. तुटकं टोक मीच घासलं." ती रबर पुन्हा गुंडाळायला लागली. "याचा दांडाच एवढासा, जास्त आवळायची सोयच नाही. तुला त्यांनी हात धरून शिकवलं, दादा. मला यानं शिकवलं."

"तुला कधी हेवा नाही वाटला माझा?"

"रोज वाटतो," ती म्हणाली आणि हात पुसून कामाला गेली.

शुक्रवारी पेंटर आला. मी बाबांच्या स्टुलापाशी जाऊन उभा राहिलो.

"काय लिहायचं म्हणजे? आहे तेच," बाबा म्हणाले. "रंगाचं ठरत नव्हतं माझं. निळा कर."

म्हणजे दुसरा कसला विचार त्यांच्या मनात आलाच नव्हता. बारा वर्षांत एकदाही नाही. आणि मी मात्र आठवडाभर जळत होतो.

तोंड उघडायची वेळ तीच होती. 'कान मी वाकवले, बाबा,' एवढंच म्हणायचं होतं. मी शिडी धरून उभा राहिलो. बहीण पायरीवर बसून जेट साफ करत होती. बाबांचं नाव झालं, 'आणि' झालं. पेंटर ब्रश रंगात बुडवता बुडवता थांबला.

"याच्या पुढे काय होतं हो?"

मी शिडी आणखी घट्ट धरली.

"चिरंजीव," मान वर न करता बहिणीनं सांगितलं.