तलवाड्याचं वाक्य

शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक होतं. एका छत्रीत नलू आणि मी, समोर काचेची नळी धरून आमच्या विज्ञानाच्या सिस्टर: "दिसतंय ते सांगा, वाटतंय ते नको." परवा गेवराईच्या सायबर कॅफेत नलूचा हात धरताना मला ती छत्री आठवली.

औरंगाबादहून सकाळच्या एसटीनं निघालो. शहागडला गोदावरी ओलांडली की गेवराई आलीच. स्टँडवरची भजी गरम असतील तरच घ्या.

जगभरचे शास्त्रज्ञ मिळून हवामानबदलाचा अहवाल लिहितात. नवे प्रयोग करत नाहीत, छापून आलेलं संशोधन पारखतात. कच्चा मसुदा तज्ज्ञांकडे फिरतो आणि प्रत्येक हरकतीला लेखी उत्तर द्यावंच लागतं. मसुद्यात आमच्या भागाबद्दल होतं: पावसाची सरासरी तीच, म्हणून शेतीला धोका किरकोळ. आयुष्यभर शेतीसंशोधन केलेल्या नलूनं हरकत घेतली: सरासरी तीच, पण दोन पावसांमधला खंड वाढतोय, पेरलेलं जळतंय. सोबत गेवराईजवळच्या तलवाड्याच्या दुबार पेरणीवरचा तिचा छापील निबंध जोडला. हरकत फेटाळली असती, तर ते "किरकोळ" जगभर गेलं असतं.

कॅफेत हरकतींच्या उत्तरांचं पान ओळीओळीनं उतरत होतं. "मान्य. वाक्य बदललं आहे."

आम्ही साठीच्या दोघी अक्षरशः नाचलो. मालक म्हणाला, "लॉटरी लागली का, मावशी?"

तलवाड्याला जीपनं जा; पुढची जागा मागून घ्या. रेवणअप्पांच्या बियाण्याच्या दुकानातच नलूचा अभ्यास सुरू झाला होता.

"मॅडम, आमचं नाव छापलं का?"

"नाव नाही अप्पा, गावही नाही. पण 'किरकोळ' गेलं! आता लिहिलंय, खंडामुळं पेरण्या वाया जातात. मध्यम खात्री."

"मध्यम? कावून? हितं गाव दोनदा पेरतंय की!"

"इथला पुरावा पक्का आहे. पण असे अभ्यास अजून थोडेच. पुरावा किती आणि एकमत किती, त्यावर खात्री ठरते."

अप्पा हसले. "म्हंजी ओल्या पोत्यात दाणे घालून उगवण बघण्यावानी. चार दाण्यांवर आमी बी हमी देत न्हाई." मग पेढे मागवून बाजारभर वाटले. "घ्या, मध्यम खात्रीचे हायेत! लई गोड!"

दुसऱ्या दिवशी बीडहून कपिलधार. पायऱ्या निसरड्या आहेत, चपला हातात घ्या. धबधबा भरात होता. नलू तुषारांत उभी राहून आनंदानं आरोळी ठोकत चिंब झाली, आणि मला कितीतरी वर्षांनी तिच्या शाळकरी वेण्या दिसल्या.

घरी आले. कानात अजून धबधबा आहे आणि नलूची ती आरोळी. एवढ्या मोठ्या अहवालात आपलं एक वाक्य!

आता माझ्या भाचीसाठी निरोप: बीडहून आणलेल्यातली डोळे उघडलेली सीताफळं आजच शेजारी दे, कडक नलूकडे. वाक्याचं मी केलेलं मराठी अप्पांना, दुकानात काचेखाली लावायला. मूळ पानाची प्रत सिस्टरना. त्यांना आता दिसत नाही, म्हणून जवळ बसून वाचून दाखव. "मध्यम खात्री" मात्र गाळू नकोस. त्यांना तेच सगळ्यांत आवडेल.